ढोल्याचं वजन

ज्याने गाडी चालवायची, तो माणूस सीटवर बसल्याशिवाय गाडी वजनकाट्यांवरून खाली उतरवायची नाही. थोरल्याच्या गॅरेजमध्ये हा नियम पहिल्यापासून होता आणि तो त्याचा त्यानेच घातलेला होता. कोणी कितीही मोठा माणूस आला आणि "मला वेळ नाही, तुम्हीच बघून घ्या" म्हणाला, तरी थोरला हातातला पाना खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "साहेब, कपडे शिवायला टाकले की माप द्यायला जाता ना? मग इथेही या." आयुष्यभर पाळलेला हा नियम त्याने एकदाच मोडला, तोही सख्ख्या भावाच्या गाडीला.

गॅरेज फार मोठं नव्हतं. एका बाजूला भिंतीला लागून पान्यांच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला जुन्या स्प्रिंगांचा ढीग, आणि मधोमध आरशासारखी सपाट करून घेतलेली फरशी. त्या फरशीवर चपला घालून यायला घरच्यांनाही बंदी होती. काम एकाच प्रकारचं, हौशी लोकांच्या वेगवान गाड्या ट्रॅकसाठी तयार करायच्या. रस्त्यावरच्या गाडीला खड्डे गिळायचे असतात, म्हणून तिची स्प्रिंग मऊ. ट्रॅकवर खड्डे नसतात, वळणं असतात. मऊ गाडी वेगात वळली की एका अंगावर कलते आणि चाकांची पकड सुटते. म्हणून स्प्रिंगा कडक घालायच्या, शॉकअप बदलायचे, सांध्यांतले रबरी बुश काढून टणक बसवायचे, गाडी जमिनीलगत आणायची. हे एवढं काम पाना धरता येणारा कोणीही करेल. खरं काम त्याच्या पुढे असतं. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे आणि कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघत स्प्रिंगखालच्या रिंगा अर्धा आटा वर, पाव आटा खाली फिरवत बसायचं. खुर्चीचा एक पाय आखूड राहिला की ती डुगडुगते. गाडीचंही तसंच, फक्त तिचं डुगडुगणं भर वेगात कळतं. आणि गाडी छोटी असली की आत बसणारा माणूस हे काही थोडंथोडकं ओझं नसतं. शिवाय तो मध्ये बसत नाही, एका बाजूला बसतो.

धाकटा तर भलताच ओझं होता. लहानपणापासून त्याला सगळे ढोल्या म्हणायचे आणि तो त्या नावाला आनंदाने ओ द्यायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, "मी दिसत नसेन तर नंबर फार वाढलाय, दिसत असेन तर काळजी नको." दोघा भावांनी मिळून एक ठोकलेली, चेपलेली दोन सीटची बसकी गाडी आणली होती आणि हाताने उभी केली होती. थोरल्याने ती लावायची आणि धाकट्याने पळवायची, अशी वाटणी. एवढ्याशा दारातून ढोल्या आत शिरायला लागला की ट्रॅकवरची माणसं हातातला चहा ठेवून बघायला यायची. एकदा आत बसला की मात्र त्याच्याइतका हलक्या हाताचा माणूस तिथे दुसरा नव्हता.

दुकान सोडून रोज काट्यांवर येऊन बसणं धाकट्याला जमायचं नाही. म्हणून थोरलीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, जाड ताडपत्रीच्या पिशव्या शिवून दिल्या. एक पाठीची, एक बैठकीची, एक पायांची. त्यांत वाळू भरून धाकट्याच्या बरोबरीचं वजन केलं आणि रोजच्या कामापुरता तो वाळूचा माणूस सीटवर बसवायचा, असं ठरलं. शेवटचा हात फिरवायला मात्र खरा धाकटा यायचाच. त्याने स्वतः वरच्या पिशवीवर काळ्या रंगाने डोळे, मिशी आणि चष्मा काढला आणि म्हणाला, "हा माझ्यापेक्षा बरा. दादाला उलट बोलत नाही." पिशव्यांचं नावही ढोल्याच पडलं.

मग ते एक वळण आलं. ट्रॅकच्या टोकाला एक लांबलचक वळण होतं, तिथे गाडी सुटली आणि कठड्यावर जाऊन आदळली. धाकट्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, तुझं सेटिंग चुकलं." थोरलाही सगळ्यांदेखत म्हणाला, "सेटिंग नाही, तुझा पाय चुकला. भर वळणात ॲक्सिलरेटर सोडलास." दोघेही एकाच आईची लेकरं, मागे कोण सरणार? गाडी धाकट्याने आपल्या घरी नेली, वाळूचा ढोल्या गॅरेजच्या कोपऱ्यात राहिला आणि बोलणं थांबलं. जावाजावांचं येणंजाणं चालू होतं. भाऊ एकमेकांची खुशाली बायकांकडून ऐकायचे आणि ऐकलंच नाही असं दाखवायचे. पुढे पुढे धाकटीचं येणंही कमी झालं. दुकान असतं, घर असतं, असं थोरल्याने धरून चाललं.

एका दुपारी धाकटी गाडी वाहून आणणाऱ्या ट्रकबरोबर दारात उभी राहिली. ट्रकवर तीच बसकी गाडी, नीट झाकलेली.

"दादा, ही जरा लावून द्याल का?" ती म्हणाली. "नवे शॉकअप, स्प्रिंगा सगळं आणलंय. मागे ठेवलंय."

थोरल्याने हात पुसले. पुसलेले हात परत पुसले. "कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. पुढच्या महिन्यात ट्रॅक हौशी लोकांना खुला आहे ना, त्या दिवशी ह्यांना चालवायचीय. एकदाच."

"आणि लावायला मीच का? तेव्हा माझं सेटिंग चुकत होतं."

धाकटीने पदर सारखा केला. "म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या हाताला देऊ नकोस."

हे वाक्य थोरल्याला आतून गुदगुल्या करून गेलं. पण चेहऱ्यावर त्याने काही येऊ दिलं नाही. "ठेव," तो म्हणाला. एवढंच. मनात मात्र त्याचं त्या क्षणी ठरून गेलं. अशी लावतो, अशी लावतो, की त्या लांब वळणावर गाडी रुळावरून चालल्यासारखी जाईल. मग बघू कोण चुकलं होतं ते. ढोल्या स्वतःच्या पायाने दारात येईल आणि म्हणेल, दादा, माझंच चुकलं.

कामाला लागल्यावर त्याला तहानभूक राहिली नाही. जुन्या स्प्रिंगा सोडवल्या, त्यांचा गंज बघून हळहळला. नवे शॉकअप हातात घेऊन दाबून पाहिले, कानाशी धरून आतल्या तेलाचा आवाज ऐकला. एकेक सांधा उघडून बुश बदलले. पुढची चाकं वरच्या बाजूने आत कलवली, म्हणजे वळणात गाडी झुकली की टायर अख्खाच्या अख्खा जमिनीला लागावा. गाडी कलू नये म्हणून पुढचा आडवा दांडा जाड घातला. मग गाडी काट्यांवर चढवली आणि कोपऱ्यातल्या ढोल्याला झटकून, त्याच्या चष्म्यावरची धूळ फुंकून, सीटवर नेऊन बसवला.

"बसा साहेब," थोरला म्हणाला. "फार दिवसांनी आलात. काय म्हणतं दुकान?"

ढोल्या मिशीतून बघत राहिला.

त्यानंतर थोरला रोज त्याच्याशी बोलू लागला. रिंग फिरवता फिरवता गाडीखालून बोलायचा. "पाय सोडलास की नाही तेव्हा? सोडलास. कबूल कर. अरे, मी उभा होतो तिथे, मला इंजिनाचा आवाज ऐकू आला." मग थोडा वेळ खटपट. मग, "लागलं होतं का रे फार? विचारायचं राहूनच गेलं." असं बरंच काही. समोरच्या माणसाला जे म्हणता येत नव्हतं ते वाळूला म्हणणं सोपं जात होतं.

थोरली चहा घेऊन आली की दारातच थांबून ऐकायची. "भावाशी अबोला आणि पोत्याशी गुलुगुलु," ती म्हणायची. "दोन गल्ल्या ओलांडून गेलात तर खरा भेटेल. तो उत्तरंही देतो."

"मी कशाला जाऊ? मोठा कोण?"

"मोठे तुम्ही. म्हणून तर म्हणते."

काम संपत आलं तेव्हा धाकटी पुन्हा येऊन गेली. गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवरच्या ढोल्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. मग म्हणाली, "दादा, ते एकदा येऊन बसले तर?"

"येऊ दे की. मी काय दाराला कुलूप लावलंय?"

"तुम्ही बोलावलंत तर येतील."

"गाडी त्याची, गरज त्याची, आणि आमंत्रण मी धाडू?"

"तुमच्याकडे नियम आहे ना, माणूस बसल्याशिवाय..."

"माणूस बसलाय." थोरल्याने ढोल्याच्या पोटावर थाप मारली. "माझ्या भावाचं वजन मला ठाऊक नाही होय गं? जन्मापासून उचलतोय त्याला. तो काय सुकणार आहे?"

धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. मान खाली घालून म्हणाली, "बरं." आणि गेली. ती दारातून बाहेर पडताना थोरल्याला क्षणभर वाटलं, हाक मारावी. पण तेवढ्यात काट्यावरचा एक आकडा जरासा हलला आणि तो तिकडे वळला. पुढे किती वेळा तो मनातल्या मनात त्या दारापर्यंत गेला आणि तिला हाक मारून आला, त्याची गणती नाही.

गाडी गेली. ट्रॅकच्या दिवशी आपण जायचं नाही, असं थोरल्याने सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि टायरमधल्या हवेचा काटा खिशात टाकला. थोरली म्हणाली, "कुठे?" तो म्हणाला, "जरा पाय मोकळे करून येतो." ट्रॅक गावाबाहेर होता, पाय मोकळे करायला बराच लांब. थोरलीने पाण्याची बाटली तेवढी हातात दिली.

तो पोचला तेव्हा गाड्या सुटल्या होत्या. तारेच्या कुंपणाशी, लांब वळण नीट दिसेल अशा जागी तो उभा राहिला. चालवणाऱ्यांचे जाड अंगरखे, डोक्याला शिरस्त्राणं. आतला माणूस कोण ते गाडीवरूनच ओळखायचं. त्यांची बसकी गाडी आली तेव्हा तो कुंपणाला आणखी चिकटला. डावीकडचं वळण तिने असं घेतलं की शेजारच्या अनोळखी माणसाने "वा!" म्हटलं. थोरल्याने मान ताठ केली.

मग लांब वळण आलं. ते उजवीकडचं. गाडी वळायला लागली आणि तिने नाक बाहेर टाकलं. चाकं वळलेली, गाडी मात्र सरळ सरकतेय. धाकट्याने वेग कमी करून सांभाळून घेतलं. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीला तर तो त्या वळणावर एखाद्या शिकाऊ माणसासारखा आला, आधीच वेग उतरवून, काठाकाठाने. मागच्या गाड्या भराभर पुढे निघून गेल्या.

"पाय," थोरला पुटपुटला. "परत पाय." पण त्याला स्वतःलाच ते पटलं नाही. पायाची चूक एकदा होते, दर वेळी त्याच जागी, त्याच बाजूला होत नाही.

थोड्याच फेऱ्या मारून गाडी आत आली आणि थांब्याच्या पट्टीवर उभी राहिली. थोरला कुंपणाच्या फटीतून आत शिरला आणि भराभर चालत निघाला. जवळ जाता जाता त्याची नजर सवयीने खाली गेली, चाक आणि वरची पत्र्याची कमान यांच्यातल्या फटीवर. आणि तो जागच्या जागी थांबला.

चालकाच्या बाजूने गाडी वर होती. बोटभर वर. आत माणूस बसलेला होता, तरी वर.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, रिंग सरकली. पण रिंग घट्ट आवळून तिच्यावर खूण त्यानेच केली होती. खूण जागेवर होती. स्प्रिंग नवी, शॉकअप नवे. मग ही बाजू दबत का नाही? ढोल्या बसवला होता तेव्हा तर अगदी समपातळीत होती. त्या भारी माणसाला तोलायला म्हणून तर ही बाजू त्याने उचलून घेतली होती...

आणि मग त्याला कळलं. भावाचं तोंड अजून दिसलं नव्हतं, कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी गाडीने त्याला सांगून टाकलं. ज्या वजनासाठी ही गाडी लावली, ते वजन आत नव्हतं.

दार उघडलं. ज्या दारातून बाहेर यायला धाकट्याला दोन माणसांचा हात लागायचा, त्यातून तो सहज बाहेर आला. सहज आला आणि मग गाडीच्या टपाला धरून उभा राहिला, कारण उभं राहणं सहज नव्हतं. धाकटीने पुढे होऊन त्याच्या डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं. आतून निघालेला चेहरा त्यांच्या आईच्या शेवटच्या दिवसांतल्या चेहऱ्यासारखा होता. चष्मा नाकावरून घसरत होता.

"आलास?" धाकटा म्हणाला. "मला वाटलंच होतं, कुंपणाला कुठेतरी चिकटला असशील."

थोरल्याने धाकटीकडे बघितलं. तिने नजर चुकवली.

"तिच्याकडे बघू नकोस," धाकटा म्हणाला. "मी शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर तू रडत रडत गाडी लावली असतीस. मला ते नको होतं. तू रागात असलास की काम झकास करतोस."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, एक दिवस चालवून घ्या. मी त्याचा चष्मा केलाय, म्हणून तेवढं तरी म्हणाला." तो हसला आणि हसण्याने दमला. "गाडी पण झकास आहे हं, दादा. लोण्यासारखी."

"खोटं बोलू नकोस. उजवीकडे नाक बाहेर टाकत होती."

"थोडी."

"थोडी?"

धाकटा टपावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला. बोटांची कातडी सैल झाली होती. "बरीच," तो म्हणाला. "पण मला वाटलं, माझेच हात गेले. म्हटलं, गाडी तर दादाने लावलीय. मग माझंच काहीतरी."

थोरल्याने किती दिवस हेच वाक्य ऐकायची वाट बघितली होती. ढोल्याने सगळ्यांदेखत म्हणावं, माझंच चुकलं. आता तो म्हणाला, आणि थोरल्याला वाटलं, हे ऐकायला आपण इथे उभे नसतो तर बरं झालं असतं.

"हात नाहीत," तो म्हणाला. मग आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "हात तुझे चांगलेच आहेत. सेटिंग चुकलं. माझं. मी तुला बसवून घेतलं नाही."

धाकट्याने चष्मा वर सरकवला. "आणि तेव्हा?"

"तेव्हा तुझा पाय चुकला होता."

धाकटा इतका हसला की धाकटीला त्याला खाली बसवावं लागलं. "सुधारणार नाहीस," तो म्हणत राहिला. "मेल्या, सुधारणार नाहीस."

थोरला गुडघ्यावर बसला. खिशात हवेचा काटा होता, पाना नव्हता. पाना असता तरी चार काटे आणि ती सपाट फरशी गॅरेजमध्ये होती. "पुन्हा कधी खुला आहे ट्रॅक?" त्याने विचारलं. धाकटीने सांगितलं. पाऊस संपल्यावर. दूरवर बाकीच्या गाड्या त्या लांब वळणावरून जात होत्या आणि त्यांचा आवाज उंच होऊन खाली येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला दोन गल्ल्या ओलांडून गेला आणि दारातूनच म्हणाला, "चल, माप द्यायला."

"आता कशाला दादा? मी काही परत..."

"नियम आहे. मी तो एकदा मोडला. चल."

ट्रॅकवरून गाडी गॅरेजमध्ये आणून थोरल्याने ती काट्यांवर चढवून ठेवली होती; धाकटीने आणि त्याने मिळून धाकट्याला तिच्यात बसवला. बसवताना थोरल्याच्या हाताला बरगड्या लागल्या. जन्मापासून उचलत आलेल्या भावाचं वजन आपल्याला ठाऊक आहे, असं तो म्हणाला होता. कोपऱ्यात वाळूचा ढोल्या भिंतीला टेकून होता, मिशी आणि चष्म्यासकट.

"तो बघ," धाकटा म्हणाला. "मस्त खाऊनपिऊन आहे."

"तोंड बंद ठेव. बोललास की आकडे हलतात."

"पोत्याशी बोलायचास म्हणे रोज. काय बोलायचास?"

थोरला गाडीखाली शिरला. "काही नाही. शिव्या द्यायचो."

काट्यांवर आकडे उमटले. थोरल्याने एका आकड्याकडे पाहिलं आणि बराच वेळ तिथून नजर काढली नाही. मग पाना घेतला आणि चालकाच्या बाजूची रिंग सैल केली. पाव आटा. गाडी किंचित खाली बसली. दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथे अर्धा आटा. पुन्हा आकडे. घाई करण्यासारखं काही नव्हतं आणि त्याने ती केलीही नाही. ट्रॅकसाठी लावतात तशी, त्याच बारकाईने, तो ती गाडी लावत होता. वरून धाकटा मधूनमधून काहीतरी म्हणायचा. "दुकान कोणाला तरी द्यावं म्हणतो." मग, "आई तुला जास्त वाढायची, मला ठाऊक आहे." मग, "दादा, लागलं नव्हतं रे तेव्हा. कठड्याला. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगतो." मग आवाज यायचा थांबला.

थोरला गाडीखालून बाहेर आला. धाकट्याची मान एका बाजूला कलली होती. छाती हळूहळू वर-खाली होत होती. त्याला झोप लागली होती. स्टीअरिंगच्या चाकावर दोन्ही हात मात्र जसे धरायला हवेत तसेच धरलेले.

चारही कोपऱ्यांचे आकडे जुळले होते. तिरपे मोजले तरी जुळत होते. इतकी नेमकी गाडी त्याने आयुष्यात लावली नव्हती. पाऊस संपेपर्यंत या आकड्यांचा काही उपयोग राहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. चपला बाहेरच काढलेल्या. "झालं का दादा?" तिने हळू विचारलं. "उठवू का त्यांना?"

काम झालं होतं. पाना फळीवर ठेवायचा तेवढा राहिला होता. थोरला सपाट फरशीवर, गाडीच्या दाराशी मांडी घालून बसला.

"नको," तो म्हणाला. "अजून थोडं बाकी आहे."